समुद्राकडे पाठ
माझी ताई माणूस म्हणून लाख चांगली, पण तिच्या वाकड्यात शिरू नये. डूख धरावा तर तिनेच. साप परवडला, तो निदान बिळात तरी जातो.

बाबा समुद्रात बुडाले तेव्हा मी रांगत होतो आणि ताई नुकती शाळेत जायला लागली होती. आम्ही किनाऱ्यावरच्या घरात राहायचो. आजोबांच्या मागे ते घर एकट्या काकांच्या नावावर कसं झालं, हे आईला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची तिची टाप नव्हती. काकांनी आम्हाला मागच्या गल्लीत एक खोली बघून दिली. तिला एकच खिडकी, आणि हात बाहेर काढला की लागायची ती गोदामाची भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून ताईने सगळा अभ्यास केला. मी रडलो की आई म्हणायची, "गप्प बस, समुद्र कुठे पळून जात नाही." पळत नव्हता हे खरं. आम्हालाच पळवलं होतं.

ताई आर्किटेक्ट झाली. पुढे एका बिल्डरने किनाऱ्यावरची घरं घेऊन तिथे टॉवर उभा करायचं ठरवलं. खाली हॉटेल, वर राहायचे फ्लॅट. काकांना घराच्या बदल्यात एक फ्लॅट मिळणार होता. कोणत्या बाजूचा, ते करारात लिहायचं राहून गेलं होतं. आणि नकाशे काढायचं काम आलं ताईच्या ऑफिसात. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. ताईला त्याने छपरासकट अख्खी इमारतच दिली.

प्लॉट अरुंद होता. समुद्राकडची बाजू आखूड आणि डोळा सगळ्यांचा तिच्यावरच. अशा इमारतीत कोणाला तरी मागे बसवावंच लागतं. जिने, लिफ्ट, हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धूर, धुलाईखान्याची वाफ, हे सगळं ताईने मागच्या चौकाभोवती रचलं. आणि हॉटेलच्या बरोब्बर वर, त्या चौकात उघडणाऱ्या खिडक्यांचा एक फ्लॅट काढला. समोर भिंत. तो काकांचा.

"जमीनमालकाला इथे टाकतेस?" तिच्या साहेबांनी विचारलं.

"वय झालंय त्यांचं. लिफ्ट बंद पडली तरी चढता येईल. शिवाय खारा वारा लागणार नाही."

"किती विचार करतेस गं घरच्यांचा!" साहेब म्हणाले.

ताईची कामाची एक रीत आहे. घर कोणाचंही असो, आधी ती त्या माणसाला विचारते, सकाळचा चहा घेऊन तुम्ही कुठे बसता? त्या जागेपासून ती घर काढायला सुरुवात करते. टॉवरमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने हे विचारलं. फक्त काकांना नाही. त्यांना कुठे बसवायचं, हे तिचं लहानपणीच ठरलं होतं.

काकांनी नकाशा उलटा धरून पाहिला. "घरच्या पोरीने काढलंय, त्यात काय बघायचं?" म्हणाले आणि सही ठोकली. त्या दिवशी ताई दोन घास जास्त जेवली.

आईला कळलं तेव्हा ती कळवळली. "नको गं असं. म्हातारा माणूस, त्यात तुझी काकू गेल्यापासून एकटा."

"तूही एकटीच होतीस ना, आई?" ताई म्हणाली.

काका राहायला गेल्यावर ताई मला घेऊन निघाली, त्यांचं उतरलेलं तोंड बघायला. मीही हौसेनेच गेलो. खोटं कशाला बोलू?

काका खिडकीत खुर्ची टाकून बसले होते. खाली चौकात दोन बायका चादरी झटकत होत्या. एका आचाऱ्याने वर बघून झारा हलवला, काकांनीही हात हलवला. "त्याचं आणि त्या उंच बाईचं काहीतरी शिजतंय," ते मला हळूच म्हणाले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "पोरी, हे घर तू मुद्दाम असं काढलंस ना?"

ताईने मान ताठ केली. "हो. मुद्दाम."

काकांचे डोळे भरले. "वाटलंच मला. तुझा बाप गेला आणि तेव्हापासून मला ते पाणी बघवेना. तुझी काकू म्हणायची, विकून टाकू. पण ज्या घरासाठी तुम्हाला बाहेर काढलं, ते कोणत्या तोंडाने विकू? मग बिल्डरने सगळ्यांचीच घरं घेतली, तोवर आयुष्यभर बसलो त्या पाण्यासमोर. झोप म्हणून लागली नाही. कोणाला सांगणार? आता इथे पडल्या पडल्या डोळा लागतो. तू न सांगता ओळखलंस गं." त्यांनी तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

ताईला हात सोडवून घेता येईनात. ती तशीच उभी राहिली.

जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भाऊ आहे तिचा, ते पाणी मायेचं नव्हतं हे मला कळतं.

"इतकी वर्षं तो समुद्र आपलं काम चोख करत होता," ती दातओठ खात म्हणाली, "आणि मी मूर्खासारखी मध्ये भिंत बांधून दिली."