आईची माणसं शोधणारे शेजारी

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, कानांकडे बघतात. त्यांच्या आईला तान्हेपणीच दत्तक दिलं होतं. तिच्यासारखे टोकदार कान कुठं दिसले की हे लगेच विचारतात, “आपलं गाव कोणतं हो?” आईला तपासायला आलेले डॉक्टरही यातून सुटले नाहीत.

शेवटी त्यांनी आईची लाळ डीएनए तपासणीला पाठवली. “या वयात मला थुंकायला लावतो!” म्हणत आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पण जुळणी निघाली. सिकंदराबादच्या एका तेलुगू आजींनी नातवाच्या हट्टापायी लाळ दिली होती. त्या आईची सख्खी बहीण निघाल्या.

त्या भेटायला आल्या त्या दुपारी हे वरचे गृहस्थ धावत खाली आले. डोळे भरलेले. मी घाबरून विचारलं, “काय झालं?”

“भांडायल्या दोघी! ही म्हणते ‘मैं बड़ी’, ती म्हणते ‘मैं बड़ी’. चहा गार झाला, पण कुणी ऐकंना.”

“मग सोडवा की!”

“नक्को हो,” ते पायरीवर बसत म्हणाले. “आईला आजवर भांडायला बहीणच नव्हती. भांडू द्या.”