मूठभर पुढची खुंटी

विद्यापीठाचा जुना ट्रॅक उखडायला घेतला त्या आठवड्यात मी ग्रंथालयातल्या मागच्या खिडकीपाशी बसायचं सोडलं. तिथून मैदान सरळ दिसायचं. येत्या हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा आमच्याकडे गुलबर्ग्याला व्हायच्या होत्या आणि आमचा ट्रॅक त्या दर्जाचा नव्हता. सहाच लेन होत्या, आठ हव्या होत्या. खालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळायची, पावसात फुगायची. ती गुडघाभर खणून काढायची, मुरूम भरायचा, त्यावर गिरणीच्या बॉयलरची चाळलेली राख पसरून रोलर फिरवायचा आणि आतल्या कडेला शहाबादी फरशीचे उभे तुकडे रोवायचे, असं काम निघालं होतं. दिवसभर टिकाव चालायचे. मी रजिस्टरात पुस्तकं चढवत बसायचो आणि टिकावांच्या मधल्या शांततेत मला दुसरंच काही ऐकू यायचं. दोन पावलं, वळणावर किंचित जड पडणारी.

माझा धाकटा भाऊ त्या ट्रॅकवर दोन वर्षं पळाला. चारशे मीटर. त्याला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

तो ट्रॅक आमच्या वडिलांनी मोजला होता. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. विद्यापीठ नवीन निघालं तेव्हा ते तिथे माळी म्हणून लागले आणि मी ग्रंथालयात. त्याआधी आम्ही मंठाळचे. आमचा भाग म्हैसूर राज्याला जोडला गेला त्याच साली आमच्या घरातल्या कोनाड्यातून जुने देव गेले आणि बुद्धाची तसबीर आली. पण गावची शीव दाखवायचं, मोजणीची साखळी ओढायचं पिढीजात काम काही वर्षं अप्पांच्या मागे राहिलंच. शेताच्या वाटण्या झाल्या की एकेकाचा तुकडा मोजून द्यायला त्यांना बोलावत. ती तेहतीस फुटी साखळी पुढे आमच्याच घरात राहिली.

मैदान सपाट झालं तेव्हा क्रीडा संचालकांकडे टेप होता तो कापडी, मधे तुटून शिवलेला. त्यांनी अप्पांना विचारलं, गावाकडं जमिनी मोजल्यात ना तुम्ही? अप्पा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून आले. "साखळी माझी आन् आकडे माझ्या पोराचे," असं त्यांनी संचालकांना सांगितलं. चारशे मीटर म्हणजे एकोणचाळीस साखळ्या आणि वर पंचवीस फूट, हा हिशेब मी करून दिला होता. साखळीचं मागचं टोक माझ्या हातात होतं. पुढे अप्पा, कमरेला बाभळीच्या खुंट्या खोचलेले.

दुसऱ्या की तिसऱ्या साखळीला माझ्या लक्षात आलं. साखळी ताणून झाली की अप्पा तिच्या कडीपुढे आपली मूठ ठेवत आणि मुठीच्या पलीकडे खुंटी ठोकत.

"अप्पा, मूठ कामून सोडायलाव?"

"माप देताना हात आखडू न्हाई बाबा. कमी पडलं की लोक आईबापाचं नाव काढतेत. जास्ती झालं म्हणून आजवर कुणी शिवी दिली न्हाई."

गावात त्यांनी खाल्लेल्या शिव्या मी लहानपणी ऐकल्या होत्या. मोजणीदाराला कोणी काही बोलत नसे. खुंटी ठोकणाऱ्याला सगळं बोलत. त्यामुळे मी गप्प बसलो. पण मला समजत होतं. खेळाच्या नियमांचं पुस्तक मीच त्या महिन्यात कपाटात लावलं होतं. एकोणचाळीस मुठी म्हणजे किती, हे मी मनातल्या मनात काढू शकलो असतो. काढलं नाही. अप्पांना इतकं ताठ चालताना मी आधी पाहिलं नव्हतं.

धाकट्याला मात्र पायांनी कळलं. पहिल्याच आठवड्यात तो धापा टाकत माझ्याकडे आला.

"अण्णा, कॉलेजच्या मैदानावर शेवटचं वळण संपतंय तरी. हितं संपतच न्हाई. अप्पांनी रबर लावलाय काय त्याला?"

अप्पा जवळच पाइपानं पाणी मारत होते. "बापाच्या मापाला नाव ठेवायलास व्हय रे? पाय लांब टाक की."

"टाकतो की. पण तुम्ही रेघ पुढं पळवू नका."

अप्पांनी त्याच्यावरच पाइप धरला. तो ओलाचिंब होऊन पुन्हा पळायला गेला. आम्ही तिघंही हसलो होतो. त्या हसण्यात मीही होतो, हे मला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

त्याच ट्रॅकवर झालेल्या निवड चाचणीत तो पहिला आला. पण अखिल भारतीय स्पर्धेला पाठवायला जी वेळ लागायची, तिला तो तीन दशांश सेकंदांनी हुकला. संचालक हातातलं घड्याळ पुन्हा पुन्हा बघत राहिले, जणू बघितल्यानं काटा मागे सरकणार होता. पुढच्या वर्षी नक्की, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी त्याला कावीळ झाली. आम्ही त्याला मंठाळला झाडपाल्याच्या औषधासाठी नेलं, मग बिदरच्या दवाखान्यात, आणि परत मंठाळला नेलं ते मातीसाठी. खड्ड्याची लांबी अप्पांनी स्वतः दोरीनं मोजली. दोरी संपली तिथे त्यांनी मूठ ठेवली आणि मुठीपलीकडे खूण केली.

"पोरगं उंच हाय," एवढंच म्हणाले.

नूतनीकरणाच्या कामावर बंगळूरहून एक इंजिनियर आले होते. त्यांच्याकडे पोलादी टेप होता. खणायच्या आधी त्यांनी जुना ट्रॅक मोजून घेतला. मी वर्तमानपत्रं द्यायला क्रीडा विभागात गेलो होतो, तेव्हा ते संचालकांना कन्नडमध्ये सांगत होते की हा चारशेचा नाहीच, साडेतीन मीटर जास्त आहे. मग हसून म्हणाले, ज्यानं कुणी मोजला तो फार दिलदार माणूस असणार. संचालक नवे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही जुने आहात, कुणी मोजला होता?

"माहीत नाही," मी म्हणालो.

ग्रंथालयात येऊन मी एका कोऱ्या कार्डावर त्या चाचणीचा हिशेब मांडला. धाकट्याचा वेग, त्यात साडेतीन मीटर. चार दशांश सेकंद आले. कमी पडले होते तीन. ते कार्ड मी शब्दकोशात ठेवलं आणि कुणी शब्दकोश मागितला की आधी ते काढून खिशात घालायचो.

अप्पा तेव्हा निवृत्त होऊन माझ्याकडेच राहत होते. रोज संध्याकाळी ते काम बघायला जायचे. मी काही ना काही कारण काढून त्यांना अडवायचो. चहा करतो म्हणायचो, ऊन आहे म्हणायचो. त्यांना कळू नये, एवढीच माझी धडपड होती. मुलगा गेल्याचं दुःख त्यांनी सोसलं होतं. हे ते कसं सोसतील, मला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी कामगारांनी त्यांना मातीत सापडलेली बाभळीची खुंटी दिली. काळी पडली होती, पण कुजली नव्हती. मी पोचलो तेव्हा ते वळणावर उकिडवे बसले होते. तिथपर्यंत खणणं अजून पोचलं नव्हतं, जुन्या कडेची पांढरी खूण तशीच होती आणि नव्या फरशीची ओळ तिच्या आत, हातभर अंतरावर उभी होती.

"ही आत कामून आली रे?"

"लेन वाढवल्यात अप्पा. आठ करायलेत."

"लेन वाढवायच्या तर भाईर जागा हाय की. आत कशाला येतील?"

 ते जुन्या खुणेपासून नव्या फरशीपर्यंत एकापुढे एक मुठी ठेवत गेले. पाच झाल्या, सहावी पुरती बसली नाही. मग तसेच जमिनीवर हात टेकून बसून राहिले.

"किती कमी पडलं होतं त्याला?"

"आता जुनं कामून काढायलाव?"

"किती, सांग."

"तीन दशांश. सेकंदाचे."

"म्हंजी किती? डोळा मिटून उघडायला लागतंय तेवढं?"

"व्हय. तेवढंच."

ते म्हणाले, "साखळी माझ्या हातात होती."

"मागचं टोक माझ्या हातात होतं, अप्पा. मी बघितलं होतं. मला हिशेब येत होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खुंटी धोतराच्या ओच्यात घातली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. घरापर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.

स्पर्धेच्या दिवशी ते म्हणाले, मला शेवटच्या वळणापाशी बसव. काळी राख ओली करून दाबलेली होती, तिच्यावर चुन्याच्या रेघा ताज्या होत्या. चारशे मीटरची अंतिम शर्यत सुरू झाली. पहिल्या लेनमधला मुलगा वळणावर आला तेव्हा त्याचा उजवा पाय बरोबर तिथे पडत होता जिथे आमची जुनी कड असायची. ती दोन पावलं मला पुन्हा ऐकू आली, त्या मुलाच्या अर्ध्या पावलानं मागे. मी अप्पांकडे बघितलं. तेही जिंकणाऱ्याकडे बघत नव्हते. शर्यत संपून गेली होती आणि ते अजून वळणाकडेच बघत होते.

मग लाउडस्पीकरवर विजेत्याची वेळ सांगितली.

"आपल्याची किती होती?" अप्पांनी विचारलं.

मी चाचणीतली वेळ सांगितली.

"ती न्हाई. मूठ काढून सांग."

कार्ड माझ्या खिशात होतं, पण बघायची गरज पडली नाही. मी आकडा सांगितला. त्यांनी तो हळू आवाजात दोनदा म्हटला, पाठ करावा तसा. पलीकडे पुढच्या शर्यतीच्या मुली उभ्या राहत होत्या. अप्पांनी हात पुढे केला, मी ते कार्ड त्यांना दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते घडी न घालता टोपीत ठेवलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.