बसत न्हाई

आमच्या लहान्या दिराइतका एका जागी न टिकणारा माणूस सगळ्या बीड जिल्ह्यात हुडकून सापडायचा न्हाई. लग्नात त्याच्या मामानं त्याला खांदे धरून पाटावर दाबून ठेवलता. चौसाळ्याच्या न्हाव्यानं तर एकदा कानच कापला, अर्धी दाढी झाली अन् हा उठला कायतरी बघायला. जेवायचा बी हिंडत. भाकरी हातात, कालवन चुलीपाशी, घास घ्यायला तेवढा वाकायचा. अन् असल्या माणसाला लोकांनी शेळीमेंढी सोसायटीचा खजिनदार केलता. किल्ली करदोड्याला बांधलेली, चालला की खुळखुळ वाजायची. ती ऐकून माझी मेंढरं माना वर करायची.

खजिन्यातनं काय बी मागा, त्याचं एकच, "बसत न्हाई." मागणाऱ्याचं पुरतं ऐकायचा बी न्हाई. मालक गेल्यापसून मेंढरं मीच राखते. उन्हाळ्यात पाण्यासाठी रोज डोंगर उतरून खालच्या विहिरीला जायचं, येताना दमलेलं कोकरू खांद्यावर. गावच्या टाकीखालनं पाणी नुसतं वाहून जातं, तिथं एक हौद बांधा, एवढंच माझं मागनं. किती साल मागत व्हते. "वयनी, हौद बसत न्हाई," म्हनायचा अन् चालाय लागायचा. मी म्हनायची, "भावजी, तुमीच कुठं बसत न्हाईत, हौद कुठनं बसंल?"

मग सोसायटीचं इलेक्शन आलं. अध्यक्ष बागायतदार, मनानं मऊ. कुणी मागितलं की व्हय म्हनून मोकळे. दिराला झोप लागंना. त्यानं अध्यक्षाला शिकवलं, "तुमी बोलत जावा, मी मागं उभा ऱ्हातो. सदऱ्याला एक हिसका दिला की गप व्हायचं. दोन दिलं तरच व्हय म्हनायचं." सगळ्या गावात प्रचार असा चालला. अध्यक्ष तोंड उघडायचे, मागनं हिसका, अन् अध्यक्ष खोकायचे. बाया म्हनायच्या, अध्यक्षाला दमा झाला काय.

माझ्या मेंढरांच्या वाड्यावर आले तवा मी भंडाऱ्याचं ताट पुढं ठेवलं. आमा धनगरात देवाची हळद उचलून दिलेला शब्द फिरत न्हाई. म्हनलं, "सायेब, हौद देता का न्हाई, एवढं सांगा." दीर मागं उभा व्हता खरा, पन पाय थांबतेत व्हय त्याचे. एक मेंढी लंगडत गेली, हा तिचा खूर बघाया गेला. अन् माझी एकशिंगी शेरडी मागनं आली, अध्यक्षाच्या सदऱ्याचं टोक तोंडात धरलं अन् वढलं. एकदा. मग आनिक एकदा. अध्यक्षाचं तोंड असं खुललं, बिचाऱ्याला आठ दिसांत पहिल्यांदा व्हय म्हनायला भेटलं. त्यांनी भंडारा उचलला, "बाई, हौद दिला."

मला सगळं दिसत व्हतं. मी भंडाऱ्याचं ताट उचलून घेतलं.

दीर पळत आला. "अध्यक्ष, हे काय केलंव?"

"तुमीच दोन दिलंव की."

"मी तिकडं व्हतो."

दोघांनी वळून बघितलं. शेरडी सदऱ्याचा तुकडा चघळत उभी.

अध्यक्ष इलेक्शनात पडले. नवा अध्यक्ष म्हनला, भंडारा मी उचलला न्हाई, हौदाचं मला सांगू नका. जुने अध्यक्ष लाजंनं घराभाईर निघंनात. मी पुन्ना डोंगर उतराय लागले, दुसरं काय करनार. दिरानं किल्ली नव्या माणसाला दिली अन् तिसऱ्या दिशी टिकाव घेऊन टाकीखाली हजर.

"भावजी, कावून आलाव?"

"अध्यक्षामागची जागा मी सोडली, वयनी. शब्द माझ्यावर आला."

एकट्यानं दगड वाहिले, एकट्यानं रचले. दर दगडामागं उठायचा, दोन चकरा मारायचा, मग दुसरा ठेवायचा. म्हनून हौद वाकडा हाय, एक कड उंच, एक खाली. मला रातच्याला घास गोड लागंना. एक दिस भाकरी घेऊन गेले अन् सांगून टाकलं, "शेरडी वढत व्हती ते मी बघितलं व्हतं."

तो दगड फिरवत म्हनला, "ठावं हाय. तवा तुमी तोंडाला पदर लावलता."

पानी भरलं, मेंढरं तुटून पडली. तवा तो हौदाच्या खालच्या कडेवर टेकला, पाय सोडून. म्हनला, "वयनी, बसलं की."

त्या गोष्टीला आता लई वर्सं झाली. मला डोंगर उतरावा लागत न्हाई. दिराचे गुडघे गेलेत. सकाळी काठी टेकत येतो अन् मेंढरं पिऊन जाईस्तोवर त्याच कडेवर बसून ऱ्हातो. मधीच हात करदोड्याला जातो, तिथं किल्ली न्हाई. मेंढरं आता त्याला बघून मान बी वर करत न्हाईत. इतकी वर्सं मी त्याला बसा, बसा म्हनत आले. आता बसलाय, तर मला बघवत न्हाई. म्हनून एखादं कोकरू मुद्दाम लांब सोडते अन् हाळी देते, "भावजी, ते बघा कुठं चाललंय." तो काठी शोधाय लागतो.