जोडलेला सलाम

तेओफिलोदाजींचा घसा डॉक्टरनं कापला, तेव्हा सान लुकास गावात सगळ्यांना घोर लागला तो जत्रेतल्या नाचाचा. तीस वर्षं दाजी चौकात कर्णे लावायचे, कुंबिया नाचाची गाणी वाजवायचे आणि गाण्यावर बोलायचे. लोक चिठ्ठ्या द्यायचे, दाजी वाचायचे. अमक्याला सलाम, न्यूयॉर्कात भांडी घासणाऱ्या तमक्याला सलाम. मग त्या नाचाची कॅसेट उत्तरेला, तिकडं कामाला गेलेल्या पोरांकडं जायची. मेलेल्याचं नाव आलं की दाजी पुढं 'स्वर्गापर्यंत' म्हणायचे आणि नाचणारे पाय थांबायचे. एकदा ते म्हटलं की गावानं माणूस गेलेला धरला.

आता गळ्याला भोक आणि बोलायला पाटी-खडू.

दाजींची बायको म्हणजे माझी थोरली बहीण कासिल्दा, खमकी बाई. तिनं पलंगाखालून जुन्या कॅसेटींची पोती ओढली, दोन टेप शेजारी मांडले. एकावर जुनी कॅसेट लावायची, हवा तो शब्द आला की दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा. कुठल्या लग्नातला 'सलाम', कुठल्या बारशातलं नाव. महिनाभर ती असं शिवत राहिली, आणि दाजींनी कधी न केलेला कार्यक्रम दाजींच्याच आवाजात उभा राहिला.

मी म्हटलं, "अक्का, ह्यात दाजी घडीत प्यालेलं वाटत्यात, घडीत पडसं झालेलं."

"मग? नांदताना बी असंच हुतं."

जत्रेला चार दिवस उरले आणि ब्राउलियामावशी चिठ्ठी घेऊन आली. तिचा निकासिओ चौदा वर्षांपूर्वी वाळवंटातून उत्तरेची सरहद्द ओलांडायला गेला. ना पत्र, ना हाड. दरसाल तिची चिठ्ठी ठरलेली, 'निकासिओला सलाम, असेल तिथं.' दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती नवऱ्याचा, आईचा फोटो मांडून पुढं पाव ठेवायची, पोराचा फोटो नाही. जित्याचा मांडला तर आईनंच मारल्यासारखं. मेलेल्याचा राहिला तर तो उपाशी.

या खेपेला चिठ्ठीत होतं, 'निकासिओला सलाम, स्वर्गापर्यंत.'

"मावशी, काय कळलं का त्याचं?" कासिल्दानं विचारलं.

"काय कळायचंय? माजं गुडघं गेलं. मी गेल्यावर त्येच्यापुढं पाव कोन मांडंल?"

"मग फोटो मांड की औंदा."

"एकलीनं कशी मांडू? आदी गावानं म्हनाया पायजे."

दाजींनी पाटीवर खरडलं, 'हे मी बोललो नाही.' पुसलं. 'बोलणार नाही.'

"तुजं काय जातंय रं?" मावशी म्हणाली. "तुजा आवाज तर पोत्यात हाय."

दाजी उठून अंगणात टर्कीच्या खुराड्यापाशी जाऊन बसले. कासिल्दानं टेप बंद केला.

"त्येंनी न म्हटलेलं त्येंच्या तोंडात मी घालनार न्हाई, मावशी. घसा कापलाय, मानूस न्हाई कापला."

मावशी हलली नाही. कॉफी दिली, तिला शिवलीसुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं दाजी आत आले. पोत्यात हात घालून त्यांनी एक बिननावाची कॅसेट काढली, पेन्सिल घालून फिरवली, लावली. त्यांची स्वतःची आई गेली त्या सालचा नाच होता तो. 'स्वर्गापर्यंत' म्हणताना आवाज मधेच चिरकलेला. तो तुकडा त्यांनी कुणाला उतरवून दिला नव्हता. उतरवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. निकासिओचं नाव कासिल्दानं तो जायच्या आधीच्या जत्रेतून घेतलं. पोरगं समोर नाचत होतं तेव्हाचं, दाजी हसत ओरडलेले.

जत्रेत, दुपारी चारला, कर्ण्यातून हसरं नाव आलं आणि मागोमाग चिरकलेला स्वर्ग. जोड काही लपला नाही. पाय थांबले खरे, पण लोक कर्ण्याकडं बघेनात, दाजींकडं बघायला लागले. यंत्राचं बोलणं धरायचं का, हेच कुणाला कळेना.

दाजींनी टोपी काढली. मग चौकातल्या सगळ्या टोप्या उतरल्या.

मावशी खुर्चीतच होती. तिथनंच म्हणाली, "लाव गं पुढचं. लोकं ताटकळल्यात."

दोन नोव्हेंबरला आम्ही मेणबत्ती घेऊन तिच्याकडं गेलो. बापाच्या आणि आजीच्या मधे निकासिओ होता, पुढं पावांची ही रास.

"मावशी, एवढं?"

"लई सालांचा भुकेला हाय."

तिनं एक पाव दाजींच्या हातात दिला. "घशाखाली उतरंल का?"

दाजींनी तुकडा मोडला, कपातल्या गरम चॉकलेटात बुडवून मऊ केला आणि सावकाश गिळला.