तलावावरची टोपी

बहिणीची मुलगी दिवाळीनंतर आमच्याकडे आली. मराठी तिला समजत होती, पण तोंडातून तेलुगूच निघायची. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावातून बरीच कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि हंगाम संपला की परततात. बहीण आणि भाऊजी परतले नाहीत. मालकाच्या शेतातच झोपडी बांधून राहिले. मुलगी बोलायला शिकली ती तिथल्या पोरांमध्ये. आता शाळेत नाव घालायचं म्हणून भाऊजी तिला सोडून गेले.

माझ्या आईने पेटीतून एक फ्रॉक काढून तिला घातला. दोन वर्षांपूर्वीच्या भेटीत राहिलेला. तो अजूनही नीट बसला. शेजारीण म्हणाली, "लेकीनं का नुसती मिरचीच चारली इले?" कोणी हसलं नाही.

भात आणि मासळी पुढे ठेवली की मुलगी दोन घास खाऊन ताट सरकवायची. अंगणवाडीच्या बाईंनी दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली; खूण लाल रंगावर, म्हणजे कुपोषणावर आली. "जपा हिले," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून आई तिच्या शिंकेलाही दचकू लागली.

मग ताप आला. हुडहुडी भरून चढला, उतरला, पुन्हा चढला. डोळे मिटून मुलगी एकच म्हणत राहिली, "तला नोप्पी. तला नोप्पी."

आमचं घर मासेमारीवर चालतं. 'तला' ऐकलं की तलावच आठवतो.

"टोपी मागून राह्यली ते," आई म्हणाली. "काल तुयासंग तलावावर आली होती. तिथीच पडली असन. जा, पाहून ये."

मी तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या गवतात शोधलं, डोंग्यात शोधलं, जाळ्याच्या ढिगाखाली शोधलं. टोपी नव्हती. येताना दुकानातून लोकरीची नवी घेतली. आईने ती तिच्या कानांवरून घट्ट ओढली. मुलगी किंचाळली, टोपी काढून फेकली.

"हेच तर मागत होती. आता काऊन फेकते?" आईने पुन्हा घातली.

थोड्या वेळाने मुलगी शांत झाली. आईला बरं वाटलं. पण हाक मारली तर ती डोळे उघडेना.

बहिणीला फोन लावला. आईने रागानेच विचारलं, "कोणती टोपी दिली होती वो पोरीले? सकाळपासून तला टोपी, तला टोपी करून राह्यली."

पलीकडून बहीण ओरडली.

"टोपी नाई, माय. नोप्पी! डोकं दुखून राह्यलं तिचं. दवाखान्यात ने!"

दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं. मलेरिया निघाला. अ‍ॅम्ब्युलन्सने चंद्रपूरला पाठवलं. डोकं कधीपासून दुखतं, असं डॉक्टरांनी विचारलं. "सकाळपासून," आई म्हणाली आणि टोपी पिशवीत खोल दाबली. शुद्धीवर येऊन काही बोलली तर लगेच सांगा, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने डोळे उघडले. ओठ हलले. "आकली."

आईने माझा हात धरला. "तू डाक्टरले मनानं काई सांगू नको. तिच्या मायले विचार."

बहीण बसमध्ये होती, इकडेच येत होती. फोन लागत नव्हता. मुलगी पुन्हा म्हणाली, "आकली," आणि तिने पोटावर हात ठेवला. "ताप पोटात गेला वाटते रे!" म्हणत आई सिस्टरला बोलवायला धावली.

तेवढ्यात फोन लागला. शब्द ऐकून बहीण बसमध्येच रडायला लागली.

"भूक, दादा. भूक लागली तिले."

मी ते आईला सांगितलं. तिने मान हलवली, पण आधी सिस्टरला मुलीचं पोट दाबून पाहायला लावलं. डब्यातली पेज मगच काढली.