नीताच्या पातेल्यातली निहारी

देवव्रतला कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हणायची घाई, आणि तो होकार निस्तरायचं काम मात्र नीताचं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर तिला हे नवीन नव्हतं. नाशिक सोडून कतारला यायचं ठरलं तेव्हासुद्धा त्याने कंपनीला आधी कळवलं आणि तिला नंतर. तिची बँकेतली नोकरी त्यात गेली. इथे अल खोरला आल्यावर एका शाळेत अकाउंट्सचं काम तिने आपलं आपण शोधलं. आठवडाभर शाळा, घर आणि त्याच्या शिफ्टची उलटसुलट जेवणं सांभाळली की सुट्टीचा शुक्रवार तेवढा तिचा असायचा.

तो शुक्रवार त्याने सैफच्या आईला देऊन टाकला.

सैफ हा रास लफानच्या गॅस प्रकल्पातला त्याच्याच शिफ्टचा सहकारी, लाहोरचा. त्याची आई जन्नतबी तीन महिन्यांसाठी मुलाकडे आली होती. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये सैफचं स्वयंपाकघर म्हणजे ओट्याचा एक तुकडा, आणि जन्नतबींना तर मुलासाठी घरची निहारी, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजणारा नळ्यांचा दाट रस्सा, करायची होती. देवव्रत लगेच म्हणाला, "आमच्याकडे करा की." नीताला त्याने हे सांगितलं ते आदल्या दिवशी, सॉक्स शोधता शोधता.

"काय काय लागतं, विचारलंस का?"

"त्या सगळं घेऊन येणारेत गं. तू फक्त गॅस द्यायचा."

सकाळीच जन्नतबी आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात मसाल्याचा डबा आणि एक जड पिशवी. आल्या त्या थेट ओट्याशी. नीताने कांदा जाड चिरलाय, गॅसची आच कमी आहे, बडीशेप जुनी आहे, हे सगळं त्यांनी बुरख्याची पिन काढेपर्यंत सांगून टाकलं. नीताच्या माहेरी दर रविवारी काळ्या मसाल्याचं मटण शिजायचं आणि शाळेत असल्यापासून ते तीच करायची. तरीही पाहुण्या आहेत म्हणून तिने कांदा पुन्हा बारीक चिरला.

मग जन्नतबींनी पिशवी सिंकमध्ये रिकामी केली. नळ्यांचा आकार बघून नीताचा हात थांबला.

"खाला, ये मटन नहीं है ना?"

"मटन की निहारी थोड़ी होती है, बेटा. बड़े का है. सुबह सुबह ताज़ा कटवाया."

बड्याचं म्हणजे गाई-बैलाचं. नीता बाहेर आली. हॉलमध्ये दोघे मित्र चहा पीत क्रिकेट बघत बसले होते. तिने देवव्रतला बेडरूममध्ये बोलावलं.

"सैफला तू नक्की काय सांगितलंस?"

"आमच्याकडे सगळं चालतं म्हणून."

"सगळं म्हणजे काय?"

"म्हणजे मटण, मासे… त्याला कळायला नको?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "असू दे ना एवढ्या वेळी. म्हातारी बाई आहे, वाईट वाटेल. आपण खायचं नाही, झालं."

नीताला खरा राग आला तो इथे. घर दोघांचं, पण पातेलं तिचं, ओटा तिचा आणि नाही म्हणायचा वाईटपणाही तिचाच.

ती आत गेली तेव्हा जन्नतबी फळीवरचं सगळ्यात मोठं पातेलं काढत होत्या.

"खाला, बुरा मत मानिए," ती म्हणाली. "ये गोश्त मेरे बर्तन में नहीं पकेगा. हमारे यहाँ नहीं खाते."

जन्नतबींचा चेहरा उतरला. क्षणभर नीताला वाटलं, आता त्या निघून जाणार. पण त्यांनी मांस पुन्हा पिशवीत भरलं, गाठ मारली, सिंक साबणाने दोनदा घासली आणि तडक हॉलमध्ये गेल्या.

"सैफ, मैंने पूछा था ना तुझसे?"

"अम्मी, देव भाई ने कहा था सब चलता है."

त्यानंतर त्या पंजाबीत जे बोलल्या त्यातला शब्दही नीताला कळला नाही, अर्थ मात्र पुरता कळला. टीव्ही बंद झाला. दोघांनाही बाहेर पिटाळलं गेलं: पिशवी सैफच्या फ्रीजमध्ये ठेवायची आणि येताना बकऱ्याच्या नळ्या आणायच्या.

दुपारपर्यंत पातेलं मंद आचेवर रटरटत राहिलं. "निहारी नहीं, शोरबा बनेगा," जन्नतबी दर थोड्या वेळाने म्हणत. नीताने सवयीने सुक्या खोबऱ्याचा डबा उघडला तर त्यांनी तिचं मनगटच धरलं. पाण्यात कालवलेली कणीक त्या तशीच ओतायला लागल्या तेव्हा नीताने मनगट धरलं आणि ती गाळून घ्यायला लावली. गुठळ्या गाळणीत राहिल्या. जन्नतबींनी त्या बघितल्या आणि विषय बदलला.

नानबरोबर सगळे जेवले. वर आल्याच्या काड्या, लिंबू, तुपाची लाल तर्री. नीताला ती निहारी फार आवडली आणि तिने तसं सांगितलंही.

"मटन की है, इसलिए हल्की है," जन्नतबी म्हणाल्या आणि आणखी एक नान घेतला.

वाडगं पुसून खात देवव्रत म्हणाला, "सैफ, पुढच्या शुक्रवारी आपल्या पूर्ण शिफ्टला बोलवूया का?"

दोन्ही बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. मग जन्नतबी उठल्या. "चल बेटा, मुझे समंदर दिखा."

तुपाने माखलेली भांडी पुरुषांवर सोडून त्या दोघी कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर गेल्या. चालता चालता जन्नतबी आपल्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या. तोही असाच न सांगता पंगती घेऊन यायचा, आणि घरात पीठ आहे का हे त्याने जन्मात विचारलं नाही. नीताने त्यांना आपल्या बँकेतल्या नोकरीबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत तिने ते इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पातेल्याचं तूप निघत नाही, काय लावायचं, असं देवव्रत विचारत होता.

"गरम पाणी," नीता म्हणाली आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.