बोअरचं पाणी प्यालेली गाडी

दाजींची गाडी वर्षभर माझ्या दारात उभी होती. गल्लीतले लोक ती माझीच समजत आणि मी ते खोडून काढत नसे. त्या वर्षातली ही माझी सगळ्यात साधी लबाडी.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. नांदेडला त्यांचं भुसार मालाचं दुकान आहे. आयुष्यात त्यांनी एकच चैन केली. हैदराबादेतून एक जुनी जर्मन गाडी आणली. चार दारांची, बसकी, गडद निळी. इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत, ताकद मागच्या चाकांना. दिसायला संसारी, पळायला उनाड. त्यांच्याकडे आली तेव्हाच तिची रबरं कडक झाली होती आणि प्लास्टिकला तडे जात होते. अशा गाड्यांचं लोखंड टिकतं, आजूबाजूचं सामान आधी जातं. दाजी सुट्टीचा दिवस बॉनेटखाली डोकं घालून काढत. एकेक नळी हैदराबादच्या जुन्या बाजारातून शोधून आणत. रेडिएटरमध्ये कूलंटसोबत फक्त बॅटरीचं, म्हणजे क्षार काढलेलं पाणी घालायचं, हा त्यांचा नेम होता. "नळाचं न्हाई. गोदावरीचं असलं तरी न्हाई," असं म्हणत.

मग त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण बाजूचं आणि खालचं हळूहळू पुसलं जात होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. दाजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन लोह्याला जाऊन आले. येताना एक मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला.

अक्कानं मला नांदेडला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "गाडी लातूरला घेऊन जा. दुरुस्तीला टाकली म्हण. विचारलं की सांगायचं, सामान आलं न्हाई."

"किती दिवस सांगू?"

"त्यांचं मन निघंपर्यंत."

दाजींनी किल्ली माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "आठवड्याला फिरवत जा. उभी राहिलेली गाडी अन् बसून राहिलेला माणूस, दोन्ही आतून जाम होतेत. मी येईन तवा मोकळ्या रस्त्याला एकदा चालवणार हाय. डोळे हायेत तवर."

मी हो म्हणालो. अक्कालाही हो म्हणालो होतो.

सुरुवातीला मी गाडी नीट सांभाळली. मग रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीला बारीक चीर गेली आणि आठवड्याला थोडं पाणी कमी होऊ लागलं. दाजींचा फोन यायचा, तेव्हा मी नसलेली दुखणी सांगायचो. कधी क्लच, कधी वायरिंग. हे खरं दुखणं मात्र सांगता येईना. सांगितलं असतं तर ते पान्हे घेऊन पहिल्या एसटीनं आले असते. म्हणून मी गुपचूप वरून पाणी ओतत राहिलो. बोअरचं.

आमच्या लातूरच्या घरात प्यायचं पाणी जारचं. टँकरच्या वर्षांत डाळ धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही कुंड्यांना घातलेलं आहे. जारचं पाणी इंजिनात ओतायला हात धजत नव्हता. बॅटरीचं पाणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं; उद्या आणू म्हणत राहिलो. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादल्या पांढऱ्या होतात, गीझरची कॉइल वर्षात जाते. आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. कठीण पाणी तापलं की क्षार कुठे बसतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दसरा झाल्यावर एका सकाळी दाजी न सांगता आले. रिक्षातून उतरले आणि थेट गाडीपाशी गेले. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "काय मेव्हणे, क्लच आला का जर्मनीहून? का चालत येऊन राहिलाय?"

"झालंय काम," मी म्हणालो.

"मग चला. तुझ्या अक्काला रेणापूरला लग्नाचं बोलणं हाय म्हणून सांगून आलोय."

"कुणाच्या लग्नाचं?"

"ते तू ठरव. खोटं बोलायची सवय तुला हाय."

मी हसत किल्ली आणायला आत गेलो.

नवा रस्ता झाल्यावर रेणापूरच्या बाजूला जुन्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा तसाच उरला आहे. वाहन जवळजवळ नसतं. तिथपर्यंत मीच हळूहळू चालवत नेली. मग जागा बदलली. दाजींनी सीट पुढं घेतली, आरसा उगाच नीट केला आणि पहिला गिअर टाकला. त्यांचा हात चुकला नाही.

"डावीकडं सोयाबीन वाळू घातलंय, दाजी. थोडं उजवीकडं."

"सांगत राहा."

सोयाबीन राखत बसलेल्या बाईनं काठी आवरून घेतली. दुसरा, तिसरा गिअर. त्या इंजिनाचा आवाज वाढत नाही, दाटत जातो. दाजी ताठ बसले होते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"काटा कुठं हाय? मला खालचं दिसत न्हाई."

तापमानाचा काटा मध्य सोडून वर सरकला होता.

"मध्ये आहे," मी म्हणालो.

मला त्यांचा तो रस्ता तोडायचा नव्हता, हे खरं. पण थांबलो तर बॉनेट उघडावं लागेल, हेही खरं. यातलं कोणतं जास्त खरं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. काटा आणखी चढला. मी हात पुढं केला आणि हीटर पूर्ण सोडला. त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, हे दाजींनीच मला शिकवलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात गरम वारा आमच्या पायांवर आदळला.

दाजींनी खिडकी खाली केली.

"लातूरला थंडी पडून राहिलीय वाटतं."

"दाजी, थांबवा. काटा लालजवळ गेलाय. मघाशी मी खोटं सांगितलं."

त्यांनी बाभळीच्या सावलीत गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. आम्ही बाहेर उभे राहिलो. टाकीचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नाही, म्हणून वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. त्या वेळात मी सगळं सांगितलं. चीर, बोअरचं पाणी, न आलेलं सामान.

गार झाल्यावर त्यांनी झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि बोटाला आलेला पांढरा क्षार दोन बोटांत चोळून पाहिला.

"लातूरवाले पाणी लई जपतेत म्हणून ऐकलं होतं. गाडीचे मुतखडे करतेत हे न्हाई ऐकलं." हसले नाहीत. "सामान आलं न्हाई, हे तुझ्या अक्कानं सांगायला लावलं?"

"हो."

"अन् पाणी?"

"ते माझं मीच."

त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. "तिला भ्या वाटलं, ते बराबर हाय. मला बी वाटतं. पण मला सांगायचं ना रे. मी काय लहान लेकरू हाय, खेळणं लपवून ठेवायला?" मग हात पुसत म्हणाले, "लाव तिला फोन. काय झालं ते सांग. आता खामखा कुणाच्या लग्नाचं नाव घेऊ नको."

मी फोन लावला. "अक्का, आम्ही रेणापूरजवळ आहोत. गाडी दुरुस्तीला नव्हतीच, हे दाजींना कळलंय. आता मात्र खरंच बिघडलीय, माझ्या हातानं. आणि दाजींनी ती चालवली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती ओरडेल म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला होता.

"कशी चालवली?" तिनं विचारलं.

मी फोन दाजींच्या हातात दिला आणि सोयाबीन राखणाऱ्या बाईकडे घागरभर पाणी मागायला निघालो. मागून दाजी ओरडले, "बोअरचं हाय का विचार आधी!"